जुन्या एचओ मापाच्या मॉडेल डिझेल इंजिनाचे दिवे लागतात, पण मोटर फिरत नाही

कुळेंचा_बँकर (फोंडा)

नमस्कार मंडळी. मडगावच्या एका गृहस्थांनी परदेशी जाताना घर रिकामं केलं. त्यांच्याकडून एचओ मापाचं, सहा आसांचं अमेरिकी डिझेल इंजिन घेतलं. आत आठ पिनांच्या सॉकेटात डीसीसी डिकोडर आहे, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट. कुळें ते कॅसलरॉक घाटात दिसणारं डब्ल्यूडीजी-४ मुळात ईएमडी या अमेरिकी इंजिन-कंपनीच्याच घराण्यातलं, म्हणून हे मॉडेल आपल्याकडच्या रंगात रंगवून मालगाडीच्या मागे बँकर (चढावर मागून ढकलणारं इंजिन) लावायचा बेत आहे. १ : ३७ चा तो चढ लहानपणापासून बघत आलोय, तो घरात उभा करायचाच आहे.

आता दुखणं सांगतो. कंट्रोलरवर पत्ता (इंजिनाचा डिजिटल नंबर) ३ दिला की पुढचा दिवा लागतो, बंद केला की विझतो, दिशा उलटी केली की मागचा लागतो. मोटर मात्र हलत नाही. वेग दिला की एकदा ‘टक्’ होऊन इंजिन थरथरतं आणि गप्प बसतं. हाताने जरा ढकललं तर दिवाही मिणमिणतो. खोक्यातला स्पंज विरघळून माडाच्या गुळासारखा काळा, चिकट झालाय आणि इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींना लागलाय.

डिकोडर गेला असं समजायचं का? नवा मागवायचा तर बराच खर्च आहे. मल्टिमीटर आणि बारीक टोकाची सोल्डरिंग गन घरी आहे.

वास्को_यार्ड

सीव्ही ८ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली सेटिंगची नंबरवार जागा) मध्ये ८ लिहून रीसेट करून बघा. बऱ्याच डिकोडरना चालतं. आधीच्या मालकाने काय काय सेटिंग करून ठेवलंय कोण जाणे.

सोल्डरकाका (म्हापसा)

बँकरबाब, रीसेट आत्ता नको. दिवे तुमचं ऐकतात, दिशेप्रमाणे बदलतात. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि डिकोडरचं डोकं शाबूत आहे. बिघाड मोटरच्या बाजूला आहे. चांगल्या डिकोडरला मोटरचा शॉर्ट कळतो आणि तो तेवढी बाजू बंद करतो. तुमचं ‘टक् आणि गप्प’ मला तसंच वाटतं. पण ही राखण दर वेळी चालेलच असं नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा वेग देऊन बघू नका. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत माझी उमर गेली. धडधाकट सर्किट नुसत्या घाईपायी जळलेली पाहिली की अजून जीव तुटतो.

वरची बॉडी काढा आणि डिकोडर सॉकेटातून सरळ वर उपसा. वाकडा ओढलात तर पिना वाकतील. १ नंबरच्या पिनेपाशी बहुतेक खूण असते. १ आणि ५ ही मोटरची दोन टोकं, नारिंगी आणि करडी वायर. ८ म्हणजे उजवा रूळ, लाल वायर. ४ म्हणजे डावा रूळ, काळी वायर. आता मीटर ओहमवर ठेवून १ आणि ५ मध्ये मोजा. थोडेफार ओहम दिसले पाहिजेत, आणि फ्लायव्हील बोटाने फिरवलं की आकडा हलला पाहिजे. तसं झालं तर ब्रश आणि आर्मेचर ठीक आहेत.

खरी परीक्षा यापुढे. १ पासून आणि मग ५ पासून, दोन्ही बाजूंच्या चाकांशी आणि धातूच्या चॅसीशी मीटर लावा. कुठेही काही दिसता कामा नये. डीसीसीत रुळावर साधारण १४–१५ व्होल्टची उलटसुलट चौकोनी लहर असते आणि मोटरचा तिच्याशी थेट संबंध येऊ द्यायचा नसतो; मध्ये डिकोडर हवाच. बऱ्याच इंजिनांत एका रुळाची वीज चॅसीतूनच वाहते. तिथे ब्रशच्या टोपीचा चॅसीला निसटता स्पर्श झाला तरी पुरतो.

दिवा मिणमिणतो ते वेगळं दुखणं. चाकांना टेकणारे पत्रे बघा, त्यांच्यावर हिरवा कळंक असणार. आपल्याकडची खारी, दमट हवा आणि माळ्यावरचा पावसाळा, दुसरं काय होणार? तो स्पंजही दमटीनेच कुजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. चाकांना पॉलिश पेपर अजिबात लावू नका; ओरखडे पडले की त्यांत काळं लवकर बसतं.

कुळेंचा_बँकर (फोंडा)

काका, सापडलं! १ ते ५ मध्ये ओहम बरोबर दिसले. पण ५ पासून डाव्या चाकांपर्यंत सरळ बीप. मोटर बाहेर काढली. तिच्याखाली इन्सुलेशनची चिकटपट्टी होती, तिचा गोंद सुटून ती पूर्ण एका बाजूला सरकली होती आणि खालच्या ब्रशची पितळी टोपी चॅसीला टेकत होती. टेकत होती तिथे मोहरीएवढा काळा डागही पडलाय. पत्रे तर हिरवेगार होते.

जुनी पट्टी खरवडून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप) लावली, बीप गेला. डिकोडर परत बसवला आणि इंजिन धावलं! पण हळू वेगात धक्के देतं आणि गुरगुरतं. आता काय बघू?

सोल्डरकाका (म्हापसा)

शाब्बास. पट्टी दोन थर लावा आणि स्क्रू आवळल्यावर पुन्हा मीटर धरा, कारण आवळताना मोटर जराशी सरकते.

आता डिकोडरच्या जागी डमी प्लग लावा. त्यात १ आणि ८ जोडलेले असतात, ४ आणि ५ जोडलेले असतात, म्हणजे मोटर थेट रुळांवर येते. साध्या डीसीवर १२ व्होल्ट द्या, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मालिकेत जोडा आणि चाकं क्षणभर अडवून प्रवाह बघा. डिकोडरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर निश्चिंत राहा. डमी प्लग असताना इंजिन डीसीसीच्या रुळावर चुकूनही ठेवू नका, मोटर तापून जळेल.

गुरगुर जुन्या ग्रीसची असावी. गिअरबॉक्स धुऊन प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल टाचणीच्या टोकाने लावा. जास्त झालं की ते कम्युटेटरवर पोचतं. धक्के तरीही राहिले तर मोटरच्या टोकांमध्ये एखादा छोटा कपॅसिटर आहे का बघा. डीसीच्या काळात तो रेडिओतली खरखर अडवायला लावत. डिकोडर मोटरचा उलटा व्होल्टेज मोजून वेग सांभाळतो, त्या मोजणीत हा कपॅसिटर कधी कधी घोळ घालतो.

कुळेंचा_बँकर (फोंडा)

कपॅसिटर होता, काढला, धक्के थांबले. अडवल्यावर ०.७ अँपिअर, डिकोडर १ अँपिअरचा. देव बरें करूं, काका!

वास्को_यार्ड

मस्त झालं. बँकर लावणार असाल तर पुढच्या इंजिनाशी वेग जुळवून घ्या: सीव्ही २, ६ आणि ५. नाहीतर मागचं इंजिन डबे ढकलून वळणावर रुळावरून उतरवेल. मग दोन्ही इंजिनं एकत्र चालावीत म्हणून दोघांच्या सीव्ही १९ मध्ये एकच नंबर घाला, आणि बँकरचं तोंड उलटं असेल तर त्याच्या नंबरात १२८ मिळवा.