वाशीच्या काकांसाठी पॉप अल्बम: आधी गंधार ऐका

भावे नाट्यगृहातली शास्त्रीय गाण्याची मैफल न चुकवणाऱ्या काकांना कोणता पॉप अल्बम भेट द्यावा, असं एकानं विचारलंय. काहींनी हिट गाण्यांचे संच सुचवलेत, ते टाळा. त्यांतल्या कीबोर्डचा शुद्ध गंधार (सा रे ग मधला ग) तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). लांबवलेल्या सुरांत तो तयार कानाला सतत टोचतो. कडक ऑटोट्यूननं (सूर आपोआप जागेवर आणणाऱ्या सॉफ्टवेअरनं) तर मींडच, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणंच, तुटते.

माझं मत हरिहरन आणि लेस्ली लुईस या जोडीच्या १९९६च्या 'कलोनियल कझिन्स' अल्बमला. हरिहरन म्हणजे उस्ताद गुलाम मुस्तफा खाँचे शिष्य, आणि त्यातलं 'कृष्णा नी बेगने' यमनच्या जवळच्या यमनकल्याणी रागातलं. ओळखीच्या रागातून शिरणं सोपं जातं.

काकांचा सीडी प्लेअर चालू आहे ना, काकूंना गुपचूप विचारा. सीडी जुनी घेतलीत तर उजेडात धरून बघा. खाडीकाठच्या दमट हवेत बुरशीचे डाग पडतात आणि गाणं मधेच अडकतं.