रस्त्यावरचं पावसाचं पाणी: चेंबरमधली जाळी की वाळूचा गाळणवाफा?

पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये जाळीची पिशवी टांगली की पाणी गाळून झालं, हा समज सोडायला हवा. पिशवीत पालापाचोळा, प्लास्टिक आणि जाड रेती अडकते. ब्रेकमधलं तांबं, पत्र्यांवरचं जस्त बारीक गाळाला चिकटून किंवा विरघळून येतं आणि सरळ पुढे जातं. त्यासाठी रस्त्याकडेला वाफाच हवा: वर १५ ते ३० सेंमी पाणी साचायला जागा, खाली ६० ते ९० सेंमी वाळू आणि थोड्या कंपोस्टचं मिश्रण, तळाशी खडीत भोकांचा पाइप.

प्रतिसाद १
आणि वाफा चोंदला की? पहिल्या सरींबरोबर येणारा गाळ वर चिकट थर धरतो, पाणी कितीतरी दिवस हलत नाही, डास होतात. शिवाय जितक्या पक्क्या जागेचं पाणी घ्यायचं तिच्या सुमारे ५ टक्के जागा वाफ्याला लागते. दाट वस्तीत ती आणायची कुठून? पिशवी निदान आहे त्या चेंबरमध्ये बसते.

मूळ लेखक
बसते, पण वेळेवर रिकामी केली नाही तर पुढच्या मोठ्या पावसात पाणी तिच्यावरून वाहतं. वाफा चोंदतो तो मुख्यतः दोन चुकांनी: तोंडाशी गाळ बसायला छोटा हौद ठेवत नाहीत, आणि आसपासचं बांधकाम संपायच्या आधीच वाळू भरतात. चोंदलाच तर वरचा २ ते ५ सेंमी थर खरवडून नवी वाळू घालता येते. वाळू आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचं गाळण-कापड) मात्र अंथरू नका. ते चोंदलं तर सगळा वाफा उकरावा लागतो. तिथे बारीक खडीचा थर पुरतो.

टायरचंही बघा. रबर टिकावं म्हणून त्यात घालतात त्या ६पीपीडी या रसायनापासून होणारं क्विनोन हे संयुग कोहो सामन जातीचे मासे मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. रस्त्याचं पाणी वाळू-कंपोस्टमधून गाळलं तेव्हा तेच मासे जगले. जाळीला हे जमणार नाही.

प्रतिसाद २
कंपोस्टचं नाव निघालंच आहे, तर प्रमाण सांभाळा. वाफ्यातली झाडं जोमानं वाढावीत म्हणून ते भरमसाट घातलं की त्यातून फॉस्फरस आणि नायट्रेट सुटतं, आणि बाहेर पडणारं पाणी आत आलेल्यापेक्षा वाईट निघतं. सेंद्रिय भाग ३ ते ५ टक्के पुरे. फॉस्फरस अडवायचा तर वाळूत वजनाच्या ५ टक्के लोखंडाचा कीस मिसळा. तो थर दोन पावसांच्या मधे निथळलाच पाहिजे. बुडून राहिला तर धरलेला फॉस्फरस पुन्हा सुटू शकतो. नायट्रेट घालवायचं तर नेमकं उलटं: पाइपाचं तोंड वर वळवून तळाचे ३० ते ४५ सेंमी पाण्याखाली ठेवावे लागतात. म्हणून कीस वरच्या थरात.

प्रतिसाद १
हे पटतं. तरी जागाच नसेल तिथे पिशवी काढू नका. प्लास्टिक तरी नदीत जाणार नाही.