एम्पायर ऑफ सिन: पैसे आधी कुठे घालू? (मदत हवी आहे)

गुन्हेगारी टोळ्यांचा हा गेम पीसीवर खेळतोय, डीएलसी (वेगळे घ्यायचे जादा भाग) एकही नाही. १९२० चं शिकागो, बॉस अल कपोन. दारूच्या भट्ट्या दोन, गुत्ते चार, एक कसिनो. टोळीत माझ्याशिवाय पाच जण.

अडचण अशी की मी एका बाजूला हल्ल्याला गेलो की दुसऱ्या बाजूला शेजारची टोळी माझ्या गुत्त्यावर चालून येते आणि तिथले पहारेकरी दोन-तीन टर्नमध्ये (लढाईतल्या पाळ्यांमध्ये) आडवे. काल धावत परत आलो, तर माझा बॉम्बवाला अर्ध्या आडोशामागे बसलेला. बाजूने शॉटगनवाला आला आणि खेळ खलास. चूक माझीच, पण माणूस गेला तो गेलाच.

ब्लॅक बुकमधून (गेममधली भाड्याने माणसं घ्यायची यादी) डॉक्टर घेऊन पाहिला, तर पगारातच नफा संपला. दोन गुत्त्यांची सिक्युरिटी वाढवली, थोडा फरक पडला. तह करून पाहिला, टिकला नाही. भट्ट्या वाढवल्या नाहीत, त्यामुळे माल कधीकधी कमी पडतो.

नव्याने सुरू करा म्हणू नका, बराच पुढे आलोय. सोपी लेव्हलही नको.

हातात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी काय: सगळीकडे सिक्युरिटी, भट्टीची अपग्रेड, की असलेल्या माणसांना चांगल्या बंदुका? आणि कपोनच्या टॅलेंटमध्ये (पात्राला मिळणारी खास कौशल्यं) आधी कोणतं घ्यावं?