‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’चा शेवट आपल्याला पटतो का?

प्रश्न:
फ्रँक काप्रा यांचा १९३९ सालचा हा चित्रपट काल पुन्हा पाहिला. राजकारणाचा गंध नसलेला जेफर्सन स्मिथ (जेम्स स्ट्यूअर्ट) अमेरिकेच्या सिनेटवर नेमला जातो. मुलांच्या शिबिरासाठी तो सुचवतो ती जागा नेमकी तीच निघते, जिथे जिम टेलर या धनदांडग्याला धरणाच्या नावाखाली पैसा करायचा असतो, आणि बनावट कागदपत्रे पुढे करून स्मिथलाच भ्रष्ट ठरवले जाते. हकालपट्टी टाळण्यासाठी सिनेटमध्ये जवळजवळ चोवीस तास उभ्याने बोलून तो कोसळतो आणि काही क्षणांतच टेलरला सामील असलेला सिनेटर पेन धावत येऊन सारे कबूल करतो. एवढी लढाई अशी एका झटक्यात निकालात काढलेली मला खटकली.

प्रतिसाद १:
मला ती कबुली अचानक आलेली वाटत नाही. सुरुवातीचा रेल्वेतला प्रसंग आठवा. स्मिथचे वडील वर्तमानपत्राचे संपादक आणि पेनचे जिवलग मित्र. एका साध्या खाणकामगाराची बाजू घेतल्यामुळे त्यांना त्यांच्या टेबलापाशीच मारले गेले आणि ते सापडले तेव्हा हॅट डोक्यावर तशीच होती. बड्या संस्थेपुढे एकट्या माणसाचे फारसे चालत नसावे, नाही का, असे स्मिथ विचारतो, तेव्हा पेन फक्त ‘नाही’ म्हणत ते मान्य करतो. पेनची भूमिका करणाऱ्या क्लॉड रेन्स यांनी त्या एका शब्दात पेनची सगळी शरणागती दाखवली आहे. शेवटी सभागृहात स्मिथ त्यालाच जुन्या दिवसांची आठवण करून देतो, आणि तिथेच पेन मोडतो.

प्रतिसाद २:
वरील मत मान्य आहे. पण मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की जनता स्मिथला वाचवत नाही. स्मिथच्या बाजूची मुले आपल्या छोट्या छापखान्यात खरी बातमी छापतात, तर टेलरची माणसे त्यांच्या हातातले गठ्ठे हिसकावतात आणि त्यांच्या गाडीला धडक देतात. सभागृहात टोपल्या भरभरून लोकांच्या तारा (टेलिग्राम) येतात, त्याही स्मिथच्या विरोधात. मुठीत त्या तारा धरून उभा असलेला स्ट्यूअर्ट पाहताना आजही घसा दाटून येतो. (आवाज खरोखर बसलेला वाटावा म्हणून डॉक्टरांकडून त्यांच्या घशाला पाऱ्याचे संयुग लावून घेतले होते.) चित्रपट किती वर्मी लागला हे पाहायचे, तर बहुमतातील पक्षाचे सिनेटमधील नेते अल्बेन बार्कली यांनी त्याच्यावर उघड टीका केली आणि अमेरिकेचे लंडनमधील राजदूत जोसेफ केनेडी यांनी तो युरोपात दाखवू नये असे चित्रपट काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या हॅरी कोन यांना कळवले.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. रेल्वेचा प्रसंग आज पुन्हा पाहिला. पेनविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो. टेलरचे मात्र काय होते, हे चित्रपट सांगतच नाही. त्याची वर्तमानपत्रे आणि त्याची माणसे जिथल्या तिथे राहतात.

प्रतिसाद २:
स्मिथच्या घरवापसीची मिरवणूक चित्रित झाली होती, पण अंतिम प्रतीत ती ठेवली नाही. मला ते योग्यच वाटते. मिरवणूक असती, तर टेलर संपला असे समजून आपण निश्चिंतपणे उठलो असतो.