आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला धोटा: गिरणीत काम केलेलं कुणी आहे का इथे?

परळचा_नातू
नमस्कार मंडळी. गावचं घर आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाकडाची एक वस्तू मिळाली. होडीच्या आकाराची, वीतभराहून लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे खोबण आणि एका बाजूला चिनीमातीचं इवलंसं भोक. आई म्हणाली, हा धोटा. आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. १९८२ च्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत, आणि गिरणीबद्दल घरात कधी बोललेही नाहीत. परवा मुद्दाम लालबागला जाऊन आलो. गिरणीच्या जागी टॉवर उभा आहे, कोपऱ्यात चिमणी तेवढी ठेवलीय. खाली बराच वेळ उभा राहिलो, पण आजोबा तिथे काय करत असतील याचा काही अंदाज येईना. धोट्याच्या भोकाभोवतीचं लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालंय. ते कशानं?

जुना_साचेवाला
बाळा, तो काळपटपणा तोंडाचा आहे.

तुझे आजोबा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे असणार, माझ्यासारखे. गिरणीत मागाला साचा म्हणायचे. मी १९७४ ला बदली म्हणून लागलो. रोज सकाळी सातच्या पाळीला गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. पुढे साचे मिळाले. धोट्याच्या खोबणीत सुताची कांडी बसते. धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यांमधून मिनिटाला दीडदोनशे वेळा इकडून तिकडे धावतो आणि बाणा, म्हणजे आडवा दोरा सोडत जातो. थोड्या वेळात कांडी संपते. मग साचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची, सुताचं टोक आतून भोकाशी धरायचं, बाहेरून ओठ लावायचे आणि श्वास ओढायचा. सूत सटकन जिभेवर येतं. सुताबरोबर तूस छातीत जातो. सूत ओढायला आकडी असायची, पण तिनं वेळ जातो आणि आमची मजुरी कापडावर. दिवसभरात किती वेळा ओठ लावले, कोण मोजणार! पाळी सुटली की तोच साचा, तोच धोटा पुढच्याच्या ताब्यात. त्याचं तोंड त्याच भोकाला. एकाला क्षय असला की बाकीच्यांच्या पोटात गोळा यायचा.

धोटा कधी साच्यातून उडायचाही. ती लोखंडी टोपी डोळ्यावर बसली तर डोळा गेलाच. आमच्या खात्यात एकाचा गेला.

आणि आवाज. शेकडो साचे एकदम चालायचे. शेजारच्याला हाक मारून उपयोग नाही, ओठ बघायचे, हातानं खुणा करायच्या. माझा डावा कान त्यातच गेला.

उत्तरेचा_उजेड
काकांनी लिहिलंय त्यापुढे इमारतीचं मी सांगणार नव्हतो, पण चिमणीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला. तेव्हापासून चिमणी म्हणजे बॉयलर. १९१५ पासून खोपोलीहून टाटांची वीज आली आणि यंत्रं विजेवर जाऊ लागली. तरी सुताला खळ लावायला, कापड रंगवायला वाफ लागायचीच, म्हणून चिमण्या धुरत राहिल्या. मला स्वतःला मात्र चिमणीपेक्षा छप्पर गेल्याचं दुःख जास्त आहे. करवतीच्या दातांसारखं ते छप्पर, काचा उत्तरेकडे तोंड करून. ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड मिळतो. तुटलेला दोरा शोधायला तोच उजेड हवा. टॉवरला जागा हवी म्हणून आधी हीच छपरं पाडली. चिमणी कमी जागा अडवते, म्हणून ती राहिली. माणूस साच्यापाशी कुठे उभा होता, ते चिमणीवरून कसं कळणार?

काळाचौकीची_लेक
ट्रंकेत गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड किंवा पीएफची चिठ्ठी असेल तर टाकू नका. म्हाडाच्या घरांसाठी कामगारांच्या वारसांकडे हेच पुरावे मागतात. माझ्या वडिलांचं कार्ड उंदरांनी खाल्लं, त्यापायी आम्ही फार हेलपाटे घातले.

परळचा_नातू
काका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि खाली बसली. आजोबा आमच्याशी बोलताना कायम तोंडाकडे बघायचे. लहानपणी मला वाटायचं, खोटं बोलतोय का ते ताडतायत. मी पाठमोरा काही बोललो तर उत्तरच द्यायचे नाहीत, आणि मी रुसायचो. आई म्हणते, तिलाही ते रागीटपणाच वाटायचं.
धोट्याच्या खालच्या बाजूला चाकूनं काहीतरी कोरलंय. नीट लागत नाही, फोटोतही येत नाही.

जुना_साचेवाला
नाव किंवा तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगाराचा नंबर असेल. बोटानं चाचपून बघ, डोळ्यांपेक्षा लवकर लागेल. रविवारी मी घरीच असतो, आईलाही घेऊन ये. धोटा आण, कांडी माझ्याकडे आहे. सूत ओढून दाखवतो. आणि समोर बसून बोल, म्हणजे मला ऐकू येईल.