गेट ते दूध सेंटर

*बी-६०२:* नमस्कार. शनिवारी मी आपल्या सोसायटीचा हा ग्रुप सोडला, तर चार जणींनी विचारलं, रागावलीस का? नाही गं बायांनो. रात्री दीड वाजता पार्किंगच्या भांडणाचे १४७ मेसेज, मध्येच युद्धाचे व्हिडिओ, मध्येच कुठला तरी बिबट्या. बघता बघता तीन वाजले. डोकं नुसतं भणभणत होतं. परत घेतल्याबद्दल सेक्रेटरीसाहेबांचे आभार.

आता सांगते त्याला हसू नका. गेले अकरा दिवस सकाळी सव्वासहाला मोबाईल घरी ठेवून आपल्या गेटपासून दूध सेंटरपर्यंतचा कचरा उचलतेय. एक पिशवी, भरली की घरी. काल गुटख्याच्या पुड्या ४३ (हो, मोजल्या), कटिंगचे कागदी कप, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे आणि एक चप्पल. डावी. झोप बरी लागायला लागली. फोनवर कितीही खाली गेलं तरी संपत नाही, पिशवी मात्र भरते.

*ए-१०३ काका:* मग आपण महापालिकेला टॅक्स कशाला भरतो?

*बी-६०२:* काका, हेच मी वर्षभर इथे टाईप करत होते 🙏

*सी-२०४:* याला प्लॉगिंग म्हणतात. स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास सुरू झालं. पळत पळत कचरा उचलायचा.

*ए-४०२ काकू:* पळत? गुडघ्यांना विचारून सांगते.

*ए-७०१:* गुटखा बंद होऊन किती वर्षं झाली? २०१२ ना? आणि पुड्या ४३ 😂

*बी-३०१:* 🌹शुभ सकाळ🌹

*ए-१०३ काका:* सव्वीस जुलैला तुम्ही बरेच जण इथे नव्हता. २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इथे दहिसर नदी घरात आली. पाणी ओसरल्यावर गेटजवळच्या गटाराची जाळी दिसेना, वर प्लास्टिकच्या पिशव्यांची अख्खी गोधडी. मी आणि वॉचमनने काठीने खरवडून काढली. भोवरा होऊन पाणी आत गेलं तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवशी टॅक्सचा विचार आला नव्हता, हेही खरं.

*सी-२०४:* वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलांनी २०१५ मध्ये असाच हातमोजे घालून किनारा साफ करायला घेतला होता. २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली.

*ए-७०१:* आपल्याकडे कासव नाही, घुशी येतील.

*सेक्रेटरी:* कौतुक आहेच, पण काच हाताने उचलू नका. गेल्या महिन्यात झाडूवाल्या मावशींचा हात कापला, कोणीतरी बाटली फोडून नुसतीच पिशवीत भरली होती. काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्या. दुधाच्या पिशव्या धुऊन दिल्या तर भंगारवाला घेतो. गुटख्याच्या पुड्या घेत नाही, त्यात प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या सुक्या कचऱ्यात. आणि बी विंगच्या मागे खिडकीतून डायपर कोण टाकतं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही.

*बी-५०३:* बी विंगच का नेहमी??

*बी-६०२:* अहो, पुन्हा १४७ नकोत. अजून एक, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. पिशवीबरोबर जातो. सुटा तुकडा एवढासा असतो, फरशांच्या फटीतून नखाने काढावा लागतो. हे मला अकराव्या दिवशी कळलं, इतकी वर्षं मीही तोडतच होते.

*ए-७०१:* मी येतो रविवारी. याचा वेगळा ग्रुप काढू का?

*ए-४०२ काकू:* नको!

*सी-२०४:* नको 🙏

*बी-६०२:* अजिबात नको. फोटोही नकोत. सव्वासहाला गेटवर, फोन घरी.

*ए-७०१:* मग उशीर होतोय हे कळवू कसं?

*ए-१०३ काका:* उशीर करू नकोस.

*ए-७०१:* बरं. वाकायला नको म्हणून चिमटा आहे का कोणाकडे?

*ए-४०२ काकू:* माझा पापड भाजायचा चिमटा आहे, लांब दांड्याचा. पण तो परत मला देऊ नका, नवीन आणून द्या.