गाळातलं विष नष्ट करायला आधी पाणी कशाला उकळायचं?

ओलागाळ:
सांडपाण्याच्या गाळात पीएफएएस (सहजासहजी न मोडणारी फ्लोरिनयुक्त रसायनं), औषधांचे अंश, मायक्रोप्लास्टिक सगळं येऊन बसतं म्हणून तो शेतात न टाकता जाळा असं आता बरेच जण म्हणतात. पण सेंट्रीफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र) निघालेला केक, म्हणजे पाणी काढलेला गाळ, दिसायला ओल्या मातीसारखा घट्ट असला तरी त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे १ टनात कोरडा माल २०० किलो. किलोमागे १२ मेगाज्यूल धरले तर मिळतात २४००, आणि उरलेलं ८०० किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यातच २००० च्या वर जातात! मग हाती काय राहिलं? त्यापेक्षा सुपरक्रिटिकल ऑक्सिडेशन करा, म्हणजे प्रचंड दाबाच्या तापलेल्या पाण्यातच ऑक्सिजन सोडून गाळ जाळा. ३७४ अंश आणि २२१ बारच्या वर पाणी उकळतच नाही, वाळवायचा प्रश्नच मिटतो, आणि आत जी उष्णता सुटते तिच्यावर पुढचा गाळ तापवता येतो.

बॉयलरकाका:
कागदावर छान आहे हो, पण रोज चालवायचं कोणी? त्या अवस्थेत पाण्यात क्षार विरघळून राहत नाहीत, पाइपात साचतात, क्लोराइड धातू खातं, वर ऑक्सिजन तयार करायला आणि पंपांना वीज लागते ती तुम्ही धरलीच नाही. आधी पाणी नीट काढा ना. केकमधला कोरडा माल ३० टक्क्यांवर नेला की तुमच्याच हिशेबाने ३६०० मिळतात आणि १८०० च्या आसपास जातात. ड्रायरच्या वाफेतली उष्णताही परत घेता येते.

ओलागाळ:
वीज धरायला हवी, मान्य. पण ३० टक्के म्हणजे जादा पॉलिमर (गाळाचे कण एकत्र गोळा करणारं रसायन) नाहीतर थर्मल हायड्रॉलिसिस (दाबाखाली वाफेने गाळ शिजवणं), त्याला १६० अंशांची वाफ लागते, ती फुकट येते का?

मीराताई:
फुकट नाही, पण हायड्रॉलिसिसनंतर डायजेस्टरमध्ये (गाळ कुजवून गॅस काढायची टाकी) गॅस जास्त निघतो, वाफेचा बराचसा खर्च त्यातूनच निघतो. मला काळजी वेगळीच आहे. ऊर्जा वाचवायच्या नादात तापमान कमी ठेवलं तर पीएफएएसचा कार्बन-फ्लोरिन बंध पुरता तुटत नाही, अर्धवट तुटलेले तुकडे धुराबरोबर बाहेर पडतात. हायड्रॉलिसिसने जंतू मरतात, पीएफएएस नाही. आणि जड धातू तर कुठल्याच आचेवर नष्ट होत नाहीत, ते राखेत नाहीतर धुरात जाणार, ते सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या दारातच अडवावे लागतात. म्हणून किती युनिट वाचले हे सांगताना राखेत, धुरात आणि उरलेल्या पाण्यात काय सापडलं तेही त्याच तक्त्यात द्या, नाहीतर ती बचत मी तरी धरणार नाही.

बॉयलरकाका:
ताईंच्या या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. फ्लोराइड मोजा, आत गेलेलं फ्लोरिन किती आणि खनिज (फ्लोराइड) होऊन बाहेर आलेलं किती, ते जुळलं तरच नष्ट झालं म्हणा.